परतीच्या वाटेवरचे दोस्त

गेल्या अंकात या सदरात अलेक्सांद्र द्यूमाच्या ‘द थ्री मस्केटीअर्स’ या कादंबरीवर लिहिलं आणि टपाल वाढलं. अंबाजोगाईच्या ग्रंथालयात काउंटरला बसून मी उभी नोकरी पुस्तकं दिली आणि घेतली. वाचक पुस्तक टेबलावर ठेवून निघून जायचा, त्याच्या मनात काय चाललंय ते कळायचं नाही. या पत्रांतून ते कळतंय आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १६२५. दार्तान्यां नावाचा अठरा वर्षांचा गरीब पोरगा गास्कनीतून एका पिवळ्या घोड्यावर बसून पॅरिसला निघतो. राजाच्या मस्केटीअर, म्हणजे बंदूकधारी अंगरक्षकांच्या, पथकातले आथोस, पोर्थोस आणि आरामिस यांच्याशी त्याची दोस्ती जमते. पुढे राजाचा बलाढ्य मंत्री कार्डिनल रिशल्ये याची माणसं, त्याच्यासाठी हेरगिरी करणारी मिलेडी, राणीचे हिरे, ला रोशेलचा वेढा असं करत गोष्ट १६२८ पर्यंत जाते. आता पत्रांकडे वळते.

बाई, पुस्तकाच्या नावात तीन आणि गोष्टीत दोस्त चार. हे कसं?
– एक वाचक, उदगीर

पथकातले मस्केटीअर तिघंच. दार्तान्यांच्या अंगावर तो गणवेश फार उशिरा, ला रोशेलच्या वेढ्यात चढतो. पण चौथा तो फार आधी होतो, आणि कसा होतो ते सांगायलाच हवं.

पॅरिसला आल्या आल्या त्यानं एकाच दिवशी तिघांशी भांडण काढलेलं असतं. आथोसशी बारा वाजता द्वंद्व, पोर्थोसशी एकला, आरामिसशी दोनला. तो आथोससमोर तलवार उपसून उभा राहतो न राहतो तोच कार्डिनलचे पाच शिपाई पकडायला येतात, कारण द्वंद्वाला बंदी आहे. तू जा बाबा, तुझा यात संबंध नाही, असं शिपायांचा म्होरक्या दार्तान्यांला सांगतो. निघून गेला असता तर कुणी नावं ठेवली नसती. इकडे आथोस म्हणतो, ते पाच, आपण तीन, आज काही खरं नाही. तेव्हा हा पोरगा त्याचा हिशेब दुरुस्त करतो: तीन नाही, चार.

आणि चकमकीत तो काय करतो? आपला माणूस लोळवल्यावर त्याला दिसतं, आथोस जखमी आहे, पांढराफटक पडलाय, डाव्या हातानं लढतोय. तो मधे उडी घेतो, शत्रूला आपल्याकडे ओढतो, त्याची तलवार उडवतो. आथोसला दम खायला तेवढी उसंत मिळते. मग तोच शत्रू दुसरी तलवार घेऊन परत येतो आणि आथोसला तो स्वतः संपवायचाय, हे दार्तान्यांच्या लक्षात येतं. तो बाजूला होतो. मित्राला वाचवून पुन्हा त्याची लढाई त्याच्याच हातात देण्याची ही समज अठराव्या वर्षी त्याला आहे. माझ्या लेखी तो चौथा झाला तो तिथं.

बाई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. लहानपणचा दोस्त पतसंस्थेतून कर्ज काढतोय आणि जामीन म्हणून माझी सही मागतोय. कर्ज कशासाठी, विचारलं तर म्हणाला, ‘दोस्तीत कुणी का म्हणून विचारतं का?’ घरातून सक्त विरोध आहे. तुमचा लेख वाचल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. आथोस काही न विचारता दार्तान्यांबरोबर निघाला. मग मी कोणत्या तोंडानं विचारू?
– एक शिक्षक, जिंतूर तालुका

गुरुजी, तो प्रसंग मलाही फार आवडतो, म्हणून आधी तोच नीट बघू. राणीनं इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमला गुपचूप भेट दिलेले बारा हिरे लंडनहून वेळेत परत आणायचेत. दार्तान्यां मित्रांना म्हणतो, लंडनला जायचंय, पण का ते सांगू शकत नाही. पोर्थोस कुरकुरतो. दार्तान्यां विचारतो, राजा लढाईवर धाडतो तेव्हा कारण सांगतो का? आणि आथोस निकाल देऊन टाकतो की हा म्हणतोय ते बरोबर आहे, जाऊ सांगतोय तिथं, जिवाला एवढे प्रश्न विचारत बसण्याइतकी त्याची किंमत नाही.

आता दोन गोष्टी बघा. दार्तान्यां कारण का सांगत नाही? कारण ते गुपित त्याचं नाही. राणीची अब्रू त्यात गुंतलेली आहे, आणि जी बाई ते त्याच्यावर सोपवते तिचा जीव. दुसऱ्याची ठेव तो उघडून दाखवू शकत नाही. तुमच्या दोस्ताचं कर्ज ही कुणाची ठेव आहे? ट्रॅक्टरसाठी असेल, पाइपलाइनसाठी असेल, मुलीच्या लग्नासाठी असेल, आधीची उधारी फेडायला असेल. ते त्याचं स्वतःचं आहे आणि तुम्हाला सांगितल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, दार्तान्यांनं कारण लपवलं, धोका लपवला नाही. ही मोहीमच झाली की, असं पोर्थोस म्हणतो तेव्हा तो स्पष्ट बजावतो, हो, आणि फार धोक्याची. निघण्याआधी तिघांनाही ठाऊक होतं की वाटेत मरण आहे. तुमच्या दोस्तानं जामिनाचा धोका तुम्हाला समजावून सांगितलाय का? नसेल तर मी सांगते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. थोडी कमी नाही, मागाहूनची नाही. हप्ते थकले तर संस्थेला आधी त्याच्या दारात जाऊन मग तुमच्याकडे यायचं बंधन नाही. नोकरदार माणूस जामीन म्हणून सगळ्यांना का हवा असतो, ते तुम्हाला माहीत आहे. पाऊस पडो न पडो, पगार एक तारखेला होतो आणि कपात थेट पगारातून होते.

आता याच आथोसची दुसरी बाजू सांगते, कारण दोस्तीचा हवाला द्यायचा तर माणूस पुरता घ्यावा. मोहीम संपल्यावर आमियांच्या खाणावळीत दार्तान्यांला तो सापडतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, दार्तान्यां झोपेत असताना, आथोस जुगाराला बसतो. स्वतःचा घोडा हरतो. मग दार्तान्यांचा घोडा हरतो. मग राणीनं दार्तान्यांला दिलेली हिऱ्याची अंगठी लावतो आणि तीही हरतो. शेवटी आपल्या नोकराला, ग्रिमोला, डावावर लावतो आणि अंगठी परत जिंकतो. दार्तान्यां उठल्यावर त्याला हे शांतपणे सांगतो. दार्तान्यांचा चेहरा पडतो, तो नाराज होतो, आणि त्याचं नाराज होणं मला शंभर टक्के योग्य वाटतं. दोस्तासाठी स्वतःचा जीव घालायला निघणारा आथोस आणि दोस्ताला न विचारता त्याची अंगठी डावावर लावणारा आथोस एकच. पहिल्याचं कौतुक करा. दुसऱ्याला तुमच्या घरातली अंगठी देऊ नका.

तुमची सही ही एकट्याची नाही, गुरुजी. तो पगार घरातल्या सगळ्यांचा आहे. लंडनच्या वाटेवर तिघांनी जे डावावर लावलं ते स्वतःचं होतं. तेव्हा दोस्ताला घरी बोलवा, चहा ठेवा, वहिनींना शेजारी बसवा आणि तिघं मिळून कागद बघा: रक्कम किती, मुदत किती, आधीची कर्जं किती, दुसरा जामीनदार कोण. कागद स्वच्छ असतील आणि हे हप्ते आपल्याच पगारातून गेले तरी चालतील असं तुम्हा दोघांना वाटलं, तरच सही करा. तो कागद दाखवायला तयार नसेल तर सही करू नका. त्यापेक्षा तुमच्याकडचे, परत नाही आले तरी चालतील एवढे पैसे त्याच्या हातावर ठेवा आणि हिशेब मांडू नका. चौघांचं पैशाचं वागणं असंच होतं. राजानं बक्षीस दिलेले चाळीस पिस्तोल, म्हणजे सोन्याची नाणी, सगळ्यांत मिळून उडाले. मग एकेकानं आपल्या खिशातून घर चालवलं. तेही संपल्यावर ज्याला जिथं जेवायचं बोलावणं येईल तिथं तो बाकीच्यांना घेऊन जायचा. दार्तान्यांची ओळख कमी, त्याला गावाकडच्या एका पाद्रीबुवाकडे नुसता न्याहारीचा मान मिळाला, तर हा तिघांनाही घेऊन गेला आणि त्या बिचाऱ्याचा दोन महिन्यांचा शिधा एका बैठकीत संपला.

आणि ते ‘एकासाठी सगळे, सगळ्यांसाठी एक’ नवव्या प्रकरणात येतं. शपथ घेताना पोर्थोस तिथंही ‘पण…’ म्हणतोच. ‘पण’ म्हणणाऱ्याला त्या मंडळीतून कुणी काढून टाकलं नाही. तुम्हीही म्हणा.

मला ही कादंबरी वाचताना राग आला. चार पुरुष एकमेकांसाठी जीव देतात, ठीक आहे. पण मिलेडीला ते रात्री गाठून, आपणच न्यायाधीश होऊन मारतात. ही कसली दोस्ती? तुम्ही लेखात यावर एक ओळही लिहिली नाही.
– एक वाचक भगिनी, परभणी

तुमचा राग मला पटतो. मिलेडी निर्दोष नाही, हे तुम्हालाही मान्य असेल. दार्तान्यांचं जिच्यावर प्रेम आहे त्या कॉन्स्तान्सला तीच विष पाजते. दार्तान्यांसाठी पाठवलेल्या तिच्या विषारी दारूनं दुसराच एक माणूस तडफडून मरतो. पण त्या आधीचं बघायला हवं. दार्तान्यां अंधाराचा फायदा घेऊन, दुसऱ्या पुरुषाच्या नावानं तिच्या खोलीत जातो. आपल्यावर भाळलेल्या तिच्या दासीला, केटीला, त्यासाठी वापरून घेतो. आणि आथोसनं तर खूप वर्षांपूर्वी, ती त्याची लग्नाची बायको असताना, तिच्या खांद्यावरचा, गुन्हेगारांना देतात तो डाग दिसताच शिकारीच्या रानात तिला झाडाला टांगलं होतं. विचारपूस नाही, काही नाही. ‘का?’ न विचारण्याची आथोसची ही सवय दोस्तांच्या वाट्याला मोठेपणा म्हणून आली आणि बायकोच्या वाट्याला फास म्हणून. मी हे त्याला कधी माफ केलेलं नाही.

शेवटी आर्मांतिएरजवळ नदीकाठी तिला मारायला नेतात तेव्हा एकटा दार्तान्यां डगमगतो. मला हे बघवत नाही, ही बाई अशी मरावी याला माझी संमती नाही, असं म्हणतो. त्याच क्षणी आथोस तलवार उपसून त्याच्या वाटेत उभा राहतो: एक पाऊल पुढे टाकलंस तर आपली तलवारीला तलवार भिडेल. अख्ख्या पुस्तकात आथोसनं दार्तान्यांला मारायची भाषा केली ती दोनदा, एकदा ओळख होण्याआधी आणि एकदा इथं. दार्तान्यां मागे हटतो. मला वाटतं, त्या रात्री दोस्ताचं ऐकून तो माणूस म्हणून लहान झाला. टोळक्यातल्या एकाचं मन जागं होतं आणि बाकीचे त्याला गप्प करतात, हे आपण आपल्या गल्लीतही बघतो. मुलीची छेड काढणाऱ्या पाच पोरांत एखाद्याला ते आवडत नसतं, पण दोस्ती तुटेल म्हणून तो ओठ मिटून उभा राहतो. अशा ठिकाणी दोस्ती तुटलेली बरी.

मिलेडीवर वेगळा लेख लिहीन. तुमचं पत्र समोर ठेवूनच लिहीन.

दार्तान्यां खरंच होऊन गेला का? की सगळं कल्पित?
– एक वाचक, सेलू

होऊन गेला. शार्ल द बात्झ-कास्तेलमोर हे त्याचं नाव, दार्तान्यां हे आईकडचं. १६७३ साली मास्ट्रिक्टच्या वेढ्यात तो मारला गेला. त्याच्या नावानं १७०० साली दुसऱ्याच एकानं रचलेल्या आठवणी छापल्या गेल्या आणि तिथून द्यूमाला धागा मिळाला. आथोस, पोर्थोस, आरामिस यांच्या नावांमागेही खरी माणसं आहेत, पण त्यांचे स्वभाव आणि ही दोस्ती द्यूमाचीच. १८४४ च्या मार्चपासून जुलैपर्यंत एका पॅरिसच्या वर्तमानपत्रात हप्त्याहप्त्यानं ही कादंबरी छापून आली.

विचारलंत म्हणून आणखी एक सांगते. या कादंबरीच्या आखणीत ओग्युस्त माके या लेखकाचा मोठा वाटा होता आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव कधी आलं नाही. पुढे तो कोर्टात गेला. पैशाचा हक्क मिळाला, सहलेखक म्हणून नाव मात्र मिळालं नाही. दोस्तीचं एवढं मोठं पुस्तक दोघांनी मिळून लिहिलं आणि ते दोघं कोर्टात समोरासमोर उभे राहिले, हे वाचून मला वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

बाई, आम्ही अहमदपूर तालुक्यातले चौघं. पुण्यात सदाशिव पेठेत एका खोलीत राहून एमपीएससी केली. एक डबा, एक अभ्यासिका, एकमेकांच्या नोट्स. पहिला पूर्वपरीक्षेतच थांबला आणि शेती बघायला गावी गेला. दुसरा मुख्य परीक्षेत थोडक्यात गेला. तिसरा मैदानी चाचणीत गेला, गुडघा दुखावला होता. मी पीएसआय झालो. ग्रुपवर तिघांनीही ‘अभिनंदन साहेब’ टाकलं आणि त्यानंतर ग्रुप गप्प आहे. मी काही टाकलं तर अंगठा येतो. लवकरच नाशिकला ट्रेनिंगला जाईन. मी काय करू? त्यांच्यासमोर जायलाही चोरासारखं वाटतं.
– एक वाचक, लातूर जिल्हा

बाळा, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी गोष्ट या कादंबरीच्या मधल्या भागात जशीच्या तशी आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

लंडनला जायला चौघं रात्री दोन वाजता पॅरिसहून निघतात, सोबत चार नोकर. शांतियीला न्याहारीला थांबतात, तिथं एक माणूस पोर्थोसशी मुद्दाम भांडण उकरतो आणि पोर्थोस मागे राहतो. पुढे रस्ता दुरुस्त करणारे मजूर म्हणून बसलेले लोक अचानक गोळ्या झाडतात, आरामिसच्या खांद्यातून गोळी जाते. घोड्यावर बसवत नाही म्हणून त्याला क्रेव्हकरला ठेवावं लागतं. आमियांच्या खाणावळीत आथोसवर खोटं नाणं दिल्याचा आळ घेतात, चार हत्यारबंद माणसं त्याच्यावर धावतात आणि तो ओरडतो, मी अडकलो, तू जा, दार्तान्यां, टाच मार! कॅलेला पोचतात ते दार्तान्यां आणि त्याचा नोकर प्लांशे. लंडनही तोच गाठतो, हिरेही तोच आणतो, राणीची अंगठीही त्याच्याच बोटात.

चौघंही सारखेच लायक होते. पोर्थोसच्या वाट्याला शांतियी आलं, आरामिसच्या वाट्याला ती गोळी आली. दार्तान्यांच्या वाट्याला मोकळा रस्ता आला, आणि तो मोकळा राहिला त्याचं एक कारण मागे राहिलेले तिघं होते. तुझ्या नोट्सवर कुणाकुणाचं अक्षर आहे, बघ जरा.

बहुतेकांना या कादंबरीतली ती लंडनची दौड आठवते. मला आठवतो तो त्यानंतरचा प्रवास. काम फत्ते झालंय, शाबासकी मिळालीय, आणि दार्तान्यां प्लांशेला घेऊन पुन्हा त्याच रस्त्याला लागतो, एकेकाला शोधायला. सोबत मित्रांसाठीही घोडे घेतो. द्यूमानं या परतीला प्रकरणांमागून प्रकरणं दिलीत. घाईचा लेखक दोन ओळींत उरकून मोकळा झाला असता.

पहिला मुक्काम शांतियी. खाणावळीचा मालक आधीच दार्तान्यांला सगळं सांगून टाकतो: तुमचे मित्र त्या द्वंद्वात हरले, तलवार लागून पडले, पण कुणाला कळू नये अशी त्यांची ताकीद आहे, आणि बिल थकलंय. दार्तान्यां वर जातो. पोर्थोस अंथरुणावर. तो ऐटीत सांगतो, समोरच्याला तीन वार केले, चौथा करायला गेलो आणि दगडावर पाय घसरून गुडघा मुरगळला. दार्तान्यांला खरं माहीत आहे. तो ‘असं का!’ म्हणतो आणि पुढचं ऐकतो. चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. द्यूमा तिथं म्हणतो की मित्राचं चोरून कळलेलं गुपित दोस्तीला सोसत नाही, विशेषतः ते त्याचा अभिमान दुखावणारं असेल तर.

तुझ्या तिसऱ्या मित्राचा गुडघा खरंच दुखावला असेल. समज, नसेल. समज, तो नुसताच कमी पडला असेल. तू त्याच्या ओसरीवर बसून गुडघ्याचीच चौकशी कर.

क्रेव्हकरला आरामिस वेगळ्याच अवस्थेत सापडतो. दोन धर्मगुरू शेजारी बसवून तो संन्यास घ्यायच्या गोष्टी करतोय, जगात काही राम नाही म्हणतोय. दार्तान्यां त्याच्याशी वाद घालत नाही, प्रेरणादायी भाषणही ठोकत नाही. त्याच्या प्रिय बाईचं आलेलं पत्र तो खिशातून काढून देतो. आरामिस ते वाचतो, धर्मावर लिहायला घेतलेला प्रबंध बाजूला फेकतो आणि लसूण घातलेलं मटण मागवतो. म्हणजे गावी जाशील तेव्हा ‘अजून एक अटेम्प्ट दे’ हे तोंडातून काढू नकोस. ते घरच्यांकडून, नातेवाइकांकडून ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेत. त्या माणसाला काय हवंय ते तुला एका खोलीत राहून माहीत असेल. ते घेऊन जा.

आणि आथोस? तो तळघरात स्वतःला कोंडून घेऊन दारू पीत बसलाय. दार्तान्यांचा आवाज ऐकल्यावरच तो बाहेर येतो. त्याच रात्री तो त्याच्या बायकोची ती भयंकर गोष्ट पहिल्यांदा सांगतो, एका मित्राची म्हणून. तुझ्या तिघांपैकी कुणीतरी असा आतून कडी लावून बसलेला असेल. पहिल्यांदा त्याच्याकडे जा. शेतीवर गेलेला बहुधा ठीक असेल, मुख्य परीक्षेत थोडक्यात गेलेल्याची मला जास्त काळजी वाटते.

शेवटचं प्रकरणही तुझ्यासाठीच आहे. रिशल्ये दार्तान्यांला लेफ्टनंटच्या हुद्द्याचा हुकूम देतो, नावाची जागा कोरी. तो त्याच संध्याकाळी तिघांच्या घरी जातो आणि म्हणतो, तू घे. पोर्थोस श्रीमंत विधवेशी लग्न ठरवून बसलाय, आठ लाख लीव्रची तिजोरी त्याला पुरे आहे. आरामिसला आता मठ हवाय. आथोस शेवटी लेखणी उचलून हुकुमावर दार्तान्यांचंच नाव लिहितो. दार्तान्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आता माझे दोस्त राहिले नाहीत म्हणून. तुला तुझी ऑर्डर कुणाला देता येणार नाही, तो कागद तुझ्याच नावाचा आहे. पण तू तिघांच्या घरी जाऊ शकतोस. ग्रुपवर काही टाकू नकोस. एसटी पकड, गावात उतर, ज्याच्या रानात काढणी चालली असेल तिथं जा आणि नोट्सची ती वही घेऊन जा. सगळ्यात आधी तुझ्या घरी कळायच्या आत त्याच्या आईच्या पाया पड. डबा संपला की तुझ्यासाठी तिनं पाठवलेल्या चटण्या तू खाल्ल्या असणार.

चोरासारखं वाटतंय म्हणून थांबू नकोस. ट्रेनिंगला गेल्यावर सुट्टी मिळणार नाही.

आमच्या गावात ग्रामपंचायतीला माझा जिवलग मित्र एका पॅनलमध्ये, मी दुसऱ्या. बोलणं बंद झालंय. पुस्तकातले चौघं एकाच बाजूला होते, त्यांना सोपं होतं.
– एक वाचक, गेवराई

सोपं राहिलं नाही. या कादंबरीचा पुढचा भाग आहे, वीस वर्षांनंतरचा. त्यात दार्तान्यां आणि पोर्थोस सरकारच्या बाजूला, आथोस आणि आरामिस बंडखोरांच्या. एका रात्री अंधारात एकमेकांवर वार करतात आणि आवाजावरून ओळख पटते. मग पॅरिसच्या प्लास रॉयाल या चौकात भेटायचं ठरतं. चौघंही हत्यारं लपवून येतात, एवढा संशय. शब्दाला शब्द वाढतो. शेवटी आथोस आपली तलवार गुडघ्यावर मोडून टाकतो. मग ते ठरवतात की बाजू कुणी बदलायची नाही, पण ऐन लढाईत समोरासमोर आलो तर ‘प्लास रॉयाल!’ म्हणायचं, तलवार डाव्या हातात घ्यायची आणि उजवा हात एकमेकांच्या हातात द्यायचा.

तुमच्या पॅनलच्या लोकांना हे आवडणार नाही, पण मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर, दोन्हीकडची माणसं बघत असताना, तुम्ही जाऊन त्याला रामराम घाला. घरी जाऊन गुपचूप मिटवू नका. भांडण लोकांसमोर झालंय.

मी नववीत आहे. शाळेच्या ग्रंथालयात या कादंबरीची बारीक आवृत्ती आहे. ती वाचली तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, हिंगोली

चालेल की. मूळ कादंबरीत सदुसष्ट प्रकरणं आहेत, परीक्षेच्या दिवसांत ती संपायची नाहीत. पण घेण्याआधी एक बघ. दार्तान्यां लंडनहून परत आल्यावर पोर्थोसला शोधायला शांतियीला जातो आणि पोर्थोस अंथरुणात पडून गुडघ्याची थाप मारतो, ते त्यात आहे का? असेल तर आजच नाव टाकून घे. ते गाळलं असेल तर पुस्तक तिथंच ठेव आणि तुमच्या बाईंना सांग की सुट्टीसाठी मला पूर्ण भाषांतर मिळवून द्या. तालुक्याच्या वाचनालयात नसेल तर जिल्ह्याच्या ग्रंथालयाकडे मागणी नोंदवायला लावायची, आणि महिनाभरात आलं नाही तर पुन्हा जाऊन विचारायचं.